परफेक्शनिस्ट स्वभावामुळे लॉकडाऊनमध्ये काही आईबाप जास्त थकले का?

तुम्ही विचारलंय की लॉकडाऊनमध्ये सगळेच पोरांसोबत घरात अडकले होते, मग तुमच्या जाऊबाई निवांत आणि तुमचं मात्र मुलांनी नुसतं 'आई' म्हटलं तरी डोकं उठायचं, असं का, आणि तुमच्या 'सगळं नीटच झालं पाहिजे' या स्वभावाचा त्यात हात आहे का. मी सायकॉलॉजिस्ट वगैरे नाही, पुण्यात इन्शुरन्सच्या बॅक ऑफिसला आहे, पण यातून स्वतः गेलेय आणि नंतर काउन्सेलरकडे जायला लागल्यावर बरंच वाचलं, त्या जिवावर लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

हात आहे. पण नीटनेटकेपणाचा नाही, तुम्ही चुकीच्या माणसाला पकडलंय.

आधी माझं सांगते. २०२० चा गणपती, लेक तेव्हा पहिलीत. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज, मुलांनी घरी शाडूचा गणपती करून फोटो टाकायचा. पोरगी दीड तास बाल्कनीत पेपर पसरून बसली होती. सोंड पोटापेक्षा जाड, डोळ्यांना दोन मिरे, एक कान पडला तो तिने थुंकी लावून चिकटवला. मला दाखवून खूश होऊन झोपली. आणि मी ग्रुप उघडला तर तिथे आधीच चार फोटो, एकाला फेटा, एकामागे मखर आणि लायटिंग. मग काय, रात्री साडेबाराला ओटा पुसून, वाटीत पाणी घेऊन, काट्याच्या मागच्या टोकाने मी तो गणपती पहिल्यापासून केला. सकाळी फोटो टाकला, टाळ्यांचे इमोजी आले, मॅडमनी स्टार दिला. लेकीने बघितलं आणि विचारलं, 'माझा कुठेय?' मी म्हटलं हाच की. ती काही बोलली नाही, ब्रश करायला गेली. पण त्यानंतर कुठलीही अ‍ॅक्टिव्हिटी आली की 'तूच कर ना, तुझं छान येतं', आणि मग मीच तिच्यावर ओरडायचे की एक गोष्ट स्वतःहून करत नाहीस म्हणून!

आता यातला मुद्दा बघा. मला स्वतःला त्या सोंडेचा काही त्रास नव्हता हो. त्रास होता तो ग्रुपमधल्या तीस आया काय म्हणतील याचा. ह्युइट आणि फ्लेट नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगितलेत, एक स्वतःकडून अपेक्षा, दुसरा इतरांकडून अपेक्षा, आणि तिसरा म्हणजे लोक माझ्याकडून परफेक्टपणा मागतायत असं आपल्याला सतत वाटणं. आपल्या भाषेत 'लोक काय म्हणतील'. फिनलंडमध्ये १७२५ पालकांचा एक अभ्यास २०२० साली आला, त्यात पालकांच्या बर्नआउटशी, म्हणजे आईबापपण निभावता निभावता पार रिकामं होण्याशी, जोडलेला सापडला तो हा तिसरा. आणि फ्रेंच बोलणाऱ्या पालकांवर २०१७ चा एक अभ्यास आहे त्यात तर उलटच निघालं, शिस्तशीर, काम वेळेवर करणाऱ्या स्वभावाच्या लोकांना बर्नआउट कमी होता. जास्त कोणाला, तर ज्यांच्या मनाला छोटी गोष्टही लागून राहते त्यांना. म्हणून म्हटलं, डबे ओळीत लावण्याला दोष देऊ नका. (अर्थात हे सगळे संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, यामुळेच ते झालं असं छातीठोक त्यातून सांगता येत नाही.)

मनाला लागून राहणं म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका. ऑनलाइन क्लासला मी लॅपटॉपच्या मागे बसून 'अठरा, अठरा' असं कुजबुजले आणि मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, 'बेटा, उत्तर तू दिलंस की आईने?' झालं, दुसरी आई हसून सोडून देईल, मी रात्री अकराला भांडी घासतानाही तेच घोळवत होते आणि राग कोणावर निघाला तर अठरा न सांगता आलेल्या सहा वर्षांच्या पोरीवर.

बर्नआउट आणि साधा थकवा यात फरक आहे, तो समजून घ्या. बेल्जियमच्या रोस्कम आणि मिकोलायचाक या दोघींनी यावर खूप काम केलंय, त्यांच्या मोजपट्टीत चार गोष्टी येतात. आईबाप म्हणून पार रिकामं होणं, 'मी आधी अशी नव्हते' हे जाणवणं, या सगळ्याचा वीट येणं, आणि मुलांपासून मनाने लांब जाणं. मला चौथी सगळ्यात उशिरा कळली. जेवू घालत होते, अभ्यास घेत होते, केस विंचरत होते, पण सगळं यंत्रासारखं. गंमत म्हणजे ऑफिसच्या कॉलवर आवाज एकदम गोड, तिथे मी ठीकच होते. डिप्रेशन सहसा सगळीकडे पसरतं, हे मात्र आईपणाला चिकटलेलं असतं. दूध आणायला खाली गेले की पार्किंगमध्ये बंद गाडीत वीस वीस मिनिटं बसायचे, वर जावंसंच वाटायचं नाही.

आता तुमच्या जाऊबाई. रोस्कम आणि मिकोलायचाक तराजूचं उदाहरण देतात, एका पारड्यात ताण वाढवणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्यात आधार देणाऱ्या, आणि बराच काळ पहिलं पारडं जड राहिलं की माणूस बसतो. लॉकडाऊनने काय केलं? माझा नवरा डेअरीत, म्हणजे अत्यावश्यक सेवा, तो रोज ड्युटीवर. सासूबाई वाईला अडकलेल्या, जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. कामवाल्या मावशींना सोसायटीने गेटवरच अडवलेलं. शाळा बंद, पाळणाघर बंद, बाग बंद. दुसरं पारडं एका आठवड्यात रिकामं झालं आणि पहिल्यात तो ग्रुप येऊन बसला. तुम्ही लिहिलंय की जाऊबाई सांगलीला एकत्र कुटुंबात, मागे अंगण आणि घरात चार मोठी माणसं. अहो, मग तुलना कसली करताय! तुमचाच स्वभाव घेऊन तुम्ही त्या अंगणात असतात तर कदाचित हा प्रश्न विचारलाच नसतात. याच दोघी संशोधकांनी इतरांना घेऊन ४२ देशांत अभ्यास केला होता, माहिती कोरोनाच्या आधीची, त्यात 'ज्याचं त्याने बघावं' अशी संस्कृती असलेल्या देशांत पालकांचा बर्नआउट जास्त दिसला. लॉकडाऊनमध्ये आपला टू बीएचके तसाच देश झाला होता असं मला वाटतं. म्हणून स्वभावाला दोष द्या, पण सगळा नको, माझ्या मते निम्मासुद्धा नको.

उपाय विचारला नाहीत तरी सांगते. काउन्सेलरनी मला दिवसभराची कामं कागदावर लिहायला लावली आणि प्रत्येकापुढे हे न केल्यास कोणाला कळेल त्याचं नाव. सोळातल्या अकरा कामांपुढे मी 'ग्रुप' लिहिलं होतं, बघून स्वतःलाच हसू आलं. काउन्सेलर परवडत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि हात उचलला जात असेल किंवा घर सोडून निघून जावं असं वारंवार मनात येत असेल तर 'बघू नंतर' करू नका, आजच फोन करा.

मी ग्रुपमधून निघाले आणि नवऱ्याला घातलं. पुढच्या वर्षी लेकीने परत गणपती केला, आधी तयारच नव्हती, मी दोन दिवस हात लावणार नाही असं कबूल केल्यावर बसली. नवऱ्याने फोटो टाकला, सोंड अर्धी कापलेली, मागे दोरीवर त्याचे बनियन वाळतायत. ग्रुपवर दोन अंगठे आले. मी दिवसभर त्याच्या मागे लागले होते की निदान बनियन क्रॉप करून परत टाक, त्याने नाही टाकला.