‘ताई, माल वल्ला शे’

(पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देत आहे.)

मावशी, मी २४ वर्षांची, चोपडा तालुक्यातली. फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि आठ महिन्यांपासून जळगाव एमआयडीसीतल्या एका दाल मिलमध्ये क्वालिटीला आहे. आलेल्या तुरीचा ओलावा तपासून गाडी पास करणं हे माझं काम. पंधरा दिवसांपूर्वी मी एक गाडी पास केली. माल उतरत असताना एक हमाल ‘ताई, माल वल्ला शे’ (म्हणजे माल ओला आहे) असं काहीतरी बोलला होता म्हणा, पण मीटरवर ११.४ आलं होतं. नंतर तूर रोलरवर घेतली तर टरफल सुटेना, चुरा फार निघाला. शेठजी सगळ्यांसमोर ओरडले, ‘एवढी शिकून आलीस, हात लावून कळत नाही?’ हमाल, मिस्त्री, अकाऊंटवाले सगळे उभे होते. माझ्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नाही. कॉलेजात मी कायम पहिली, मला असं कुणी कधी बोललेलं नाही. आता सकाळी साडेआठला गाडी लागली की छातीत धडधडतं. राजीनामा लिहून ठेवला आहे. देऊ का? की बोलणी मनाला लावून न घेण्याचा काही उपाय आहे?

*

पोरी, राजीनाम्याचं नंतर बघू. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाशी अडले. ‘बोलला होता म्हणा.’

शेठजींनी चारचौघांत ओरडायला नको होतं. एवढं बोलून तो विषय मी सोडते, कारण त्यांच्यावर तू दीड पान लिहिलं आहेस आणि त्या माणसावर अर्धी ओळ. तीसुद्धा ‘असं काहीतरी’ आणि ‘म्हणा’ यांच्या मध्ये दाबून. अगं, आख्ख्या पत्रात खरं बोललेलं वाक्य ते एकच आहे. माल वल्ला होता.

तुझ्या मीटरवर माझा राग नाही. पण मीटरला पाणी दिसत नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त शिकली आहेस. दाण्यांचा विजेला प्रतिसाद कसा आहे यावरून ते ओलाव्याचा अंदाज बांधतं. तुरीऐवजी दुसऱ्या धान्याची सेटिंग राहिली, दाणे तापलेले असले, नमुना कमी भरला, तर आकडा हलतो. आणि हे सगळं बरोबर असलं तरी नमुना कुठला? वरच्या थरातल्या पाच-सहा पोत्यांत परखी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसून काढला असशील, तर मीटरनं त्या मूठभर दाण्यांपुरतं खरंच सांगितलं. सरकारी खरेदीत तुरीला १२ टक्क्यांची मर्यादा धरतात, त्यात तुझं ११.४ बसलं, तू सही केलीस.

तो माणूस मात्र एकेक पोतं पाठीवर घेत होता. खालच्या थरातलंसुद्धा. ओलं पोतं पाठीला वेगळं लागतं. आत हात घातला तर गार लागतं. कोरडी तूर ओतताना खळखळते, ओली मुकी पडते. दाणा दाताखाली धरला की कट्‌कन तुटतो, नाहीतर नुसता दबतो. वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या माणसाच्या अंगात जे मुरलेलं असतं, ते त्यानं तुला फुकट, वेळेवर आणि ‘ताई’ म्हणून सांगितलं. माल उतरतच होता. गाडी तिथेच थांबवता आली असती.

ती आपल्या बोलीतली ओळ होती, प्रयोगशाळेतली नव्हती, म्हणून तुला ऐकू आली नाही. शेठजींचं तेच म्हणणं मात्र इतकं ऐकू आलं की पंधरा दिवस झोप नाही.

१९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालाच्या मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची नोंद ठेवणं भाग पडलं. त्याच्या शब्दाची नोंद अजून कुठल्याच वहीत होत नाही. तुझ्याही नाही.

आता तुझी तक्रार. ‘माझ्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नाही.’ त्या घोळक्यात तोही उभा होता ना? त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘शेठ, मी तर ताईले सांगेल व्हतं.’ शेठजींची शाबासकी मिळाली असती आणि तुझी नोकरी कदाचित तिथेच संपली असती. तो गप्प राहिला. घरातली लेक चुकल्यावर बाप पाहुण्यांसमोर जसा गप्प राहतो, तसा. ज्या शांततेबद्दल तू रडते आहेस, त्यातली एक शांतता तुला झाकत होती.

आणि मला वाटतं, हे तुला आतून ठाऊक आहे. शेठजींचे शब्द जुने होत चालले असतील. धडधड होते ती साडेआठला, गाडी लागल्यावर, म्हणजे तो माणूस समोर येतो तेव्हा.

मी हे अधिकारानं लिहिते, कारण मी तीच चूक केली आहे. नोकरीचं माझं पहिलं वर्ष, अमळनेर तालुक्यातली शाळा. पाणी भरणाऱ्या बाई एक दिवस दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही फळ्याशीच बोलता, मागच्या पोऱ्यांना काही ऐकू येत नाही.’ मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. दिवाळीनंतर तपासणी झाली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘शिक्षिकेने वर्गाकडे तोंड करून शिकवावे.’ मी शेरा वाचून रडले, घरी जाऊन पुन्हा रडले. मधल्या तीन महिन्यांत मागच्या बाकावरच्या पोरांचं जे बुडालं, त्याचं रडू मला फार उशिरा आलं. त्या बाईंना मी कधीच काही बोलले नाही. माझी बदली झाली, नंतर त्या गेल्या. आज ३० वर्षांनीही मला ते खुपतं.

तुझ्याकडे अजून उद्याची सकाळ आहे. म्हणून माझं एकच ऐक.

उद्या आठलाच मिलवर पोच, गाडी लागायच्या आत. शेठजींच्या केबिनकडे जाऊ नकोस. थेट हमाल बसतात तिथे जा आणि सगळ्यांच्या देखत त्यांना म्हण, ‘आप्पा, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझी चूक झाली.’ देखतच म्हण, कोपऱ्यात नेऊन नको. तुझी चूक चारचौघांत निघाली, त्यांचा शब्दही चारचौघांतच वर यायला हवा. ते ‘जाऊ द्या ताई’ म्हणतील. जाऊ देऊ नकोस. म्हण, आजच्या गाडीवर मला दाखवा कसं ओळखता. त्यांच्यासोबत पोत्यात हात घाल, दाणा दाताखाली धर, मग मीटर लाव. खालच्या थरापर्यंत माल उतरला की पुन्हा नमुना काढ. तुझ्या रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी एक रकाना आख आणि त्यात आप्पा काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिही. असं महिनाभर कर. मग ते रजिस्टर घेऊन शेठजींकडे जा आणि त्या गाडीबद्दल काय बोलायचं ते बोल. तेव्हा तुला आवाज सापडेल. राजीनामा तोवर पर्समध्येच राहू दे.

मी त्यांना आप्पा म्हणते आहे, कारण आपल्याकडे तसं म्हणायची रीत आहे आणि तू दुसरं काही म्हणायला ठेवलं नाहीस. आठ महिने एका फाटकातून आत जाता, आणि पत्रात ‘एक हमाल’. पुढच्या पत्रात त्यांचं नाव लिहून पाठव. माझ्याकडेच राहील, छापणार नाही.

तुझी,
मावशी