गियापबद्दल वाचतोयस ना, मग जानेवारी १९५४ नीट वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. एसएसबीच्या (सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या) इंटरव्ह्यूत आवडता सेनानी म्हणून व्हिएतनामच्या जनरल व्हो न्गुएन गियापचं नाव सांगायचं ठरवलंयस, छान वाटलं. पण "फ्रान्स आणि अमेरिका दोघांना हरवणारा माणूस" एवढंच सांगून उठू नकोस रे, ते कोणीही सांगेल. आणि ते पूर्ण खरंही नाही. अमेरिकेविरुद्धच्या युद्धातला १९६८ चा तेतचा (व्हिएतनामी नववर्षाच्या सणातला) हल्ला लोक सर्रास त्याच्या नावावर टाकतात, तो सुरू झाला तेव्हा हा उपचारासाठी हंगेरीत होता आणि त्या हल्ल्यामागे जोर होता कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख ले दुआनचा. १९७५ मध्ये सायगाववर, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीवर, चाल करून गेलेल्या सैन्याचा सेनापती व्हान तिएन झुंग होता, गियाप तेव्हा हनोईत संरक्षणमंत्री.

तू मुळापासून बघ. १९११ चा जन्म, क्वांग बिन्ह प्रांतातला. हनोईच्या शाळेत इतिहास शिकवायचा, कुठल्याच मिलिटरी अकॅडमीत गेलेला नाही. व्हिएतनामवर तेव्हा राज्य फ्रेंचांचं; बायको त्यांच्या तुरुंगात वारली, मेहुणीला फ्रेंचांनी गोळ्या घातल्या. डिसेंबर १९४४ मध्ये त्याने पहिली तुकडी उभी केली ती ३४ जणांची, आणि दहा वर्षांत त्याच्या हाताखाली हजारो सैनिकांच्या डिव्हिजन्स होत्या.

मधल्या काळात तो सपाटून हरलाय हेही वाच. जानेवारी १९५१, व्हिन्ह येन. लाल नदीच्या सपाट खोऱ्यात दिवसाढवळ्या त्याने पायदळ पुढे घातलं आणि वरून फ्रेंच विमानांनी नापाम, म्हणजे चिकटून जळणारे आगीचे बॉम्ब, टाकले, हजारो पोरं गेली. त्यानंतर त्याच वर्षी त्या खोऱ्यात अजून दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मागे यावं लागलं. घाई केली की किंमत कोण मोजतं हे त्याला तिथे कळलं असं माझं मत आहे.

आता दिएन बिएन फू, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातला फ्रेंचांचा लष्करी तळ. जानेवारी १९५४ ला सगळं तयार होतं. झटपट हल्ला, झटपट विजय असा प्लॅन, चिनी सल्लागारही त्याच बाजूचे. दोन-दोन टनांच्या तोफा माणसांनी दोरखंड लावून, रात्री-रात्री डोंगरावरून ओढत आणलेल्या. २६ तारखेला संध्याकाळी हल्ला करायचा. आदल्या रात्री गियापला झोप नाही, डोकं इतकं ठणकत होतं की कपाळाला औषधी पाला बांधलेला, सकाळी चिनी सल्लागारप्रमुख वेई ग्वोचिंगने विचारलं की हे काय. गियापचं म्हणणं साधं होतं: एवढा तटबंदीचा तळ आपल्या सैन्याने कधी घेतलेला नाही, तोफखाना आणि पायदळ मिळून लढायची सवय नाही, आणि आपली माणसं रात्री डोंगराळ भागात लढणारी, इथे दिवसा उघड्या मैदानात उतरायचंय. त्यांचा सर्वोच्च नेता हो ची मिन्हने निघतानाच बजावलं होतं की जिंकायची खात्री असेल तरच लढ. त्याने सहकाऱ्यांना विचारलं, शंभर टक्के खात्री आहे का? कोणालाच हो म्हणता येईना. हल्ला रद्द. आपल्या आयुष्यातला सगळ्यात कठीण निर्णय असं तो पुढे याला म्हणायचा.

आणि हा निर्णय फुकट नव्हता. ज्या तोफा वर आणल्या त्याच परत खाली न्यायच्या, त्यातली एक उतारावर सुटली तेव्हा 'तो व्हिन्ह दिएन' नावाच्या सैनिकाने स्वतःला तिच्या चाकाखाली झोकून दिलं. इंटरव्ह्यूत कोणी विचारलं की थांबण्यात काय शौर्य, तर हे नाव सांग. मग पुढचे दीड महिने त्यांनी रस्ते केले, तोफांसाठी डोंगराच्या पोटात खड्डे खणले, सायकलींवर दोनशे किलोच्या वर ओझी लादून तांदूळ आणला. १३ मार्चला तोफा सुरू झाल्या आणि दोनच दिवसांत फ्रेंच तोफखान्याच्या प्रमुखाने, कर्नल पिरोथने, ग्रेनेडने आत्महत्या केली, कारण त्या तोफा त्याला सापडतच नव्हत्या. ७ मेला तळ पडला.

आंधळी भक्ती मात्र नको. १९४६ मध्ये कम्युनिस्ट नसलेल्या राष्ट्रवादी पक्षांना चिरडण्यात त्याचा मोठा हात होता, आणि जिंकलेल्या लढायांतही त्याची माणसं हजारोंनी गेली. पॅनल तिथे बोट ठेवेल, तेव्हा सारवासारव करू नकोस, सरळ मान्य कर.

मला स्वतःला त्याचा उतरता काळ जास्त भावतो. १९८२ मध्ये पॉलिटब्युरोतून, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च समितीतून, काढलं, पुढे कुटुंब नियोजनाच्या कमिटीचं काम दिलं. दिएन बिएन फूच्या सेनापतीला! तरी तो बाहेर पडून पक्षाविरुद्ध उभा राहिला नाही आणि गप्पही बसला नाही. २००९ मध्ये, ९७ व्या वर्षी, मध्य पठारावरच्या चिनी सहभागाच्या बॉक्साइट खाणींविरुद्ध सरकारला पत्रं लिहिली. खाणी थांबल्या नाहीत. २०१३ मध्ये तो गेला तेव्हा हनोईत त्याच्या घराबाहेर लोकांच्या रांगा लागल्या होत्या.

आता व्हिन्ह येन आणि दिएन बिएन फूचे नकाशे शेजारी ठेवून बस, आणि तू त्याच्या जागी असतास तर २६ जानेवारीला सैनिकांना काय सांगितलं असतंस ते एका पानात लिहून पाठव. रविवारपर्यंत पाठवलंस तर इंटरव्ह्यूच्या आधी फोनवर बोलता येईल.

तुझा,
काका