वाचकांचा कट्टा : सासूबाईंची ट्रंक

प्रश्न : सासूबाई मार्चमध्ये गेल्या. माळा आवरताना त्यांची ट्रंक उघडली, तर आत इंग्रजी प्रेमकथांची २१२ पेपरबॅक! आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. हातात असं पुस्तक कधी दिसलं नाही. गावच्या वाचनालयाला ती नको आहेत, भंगारवाला किलोवर घेतो म्हणतो. बऱ्याच पुस्तकांना कव्हरच नाही. काय करू?
– एक सून, डिचोली

उत्तर : ताई, पाऊस लागायच्या आत ट्रंक खाली उतरवा आणि भंगारवाल्याला चार दिवस थांबवा.

कव्हरांचं आधी सांगते, कारण ते मलाही फार उशिरा कळलं. अमेरिका-कॅनडात असलं स्वस्त पुस्तक खपलं नाही की दुकानदार अख्खं परत पाठवत नाही, ते परवडतच नाही. तो नुसतं कव्हर फाडून प्रकाशकाला धाडतो, तेवढ्यावर त्याचे पैसे वळते होतात. उरलेलं पुस्तक त्याने नष्ट करायचं असतं. पण काही पुस्तकं मागच्या दाराने बाजारात येतातच. सुरुवातीचं कॉपीराइटचं पान बघा. ‘हे कव्हरविना विकत घेतलं असेल तर चोरीचा माल समजा’ अशा अर्थाची ओळ तिथे सापडेल. तेव्हा सासूबाईंकडे थोडा चोरीचा माल असू शकतो! अर्थात लायब्ररीत शंभर हात लागून गळालेली कव्हरंही असतीलच.

ही पुस्तकं टिकायला काढलेलीच नसतात. धंदा मासिकासारखा : दर महिन्याला ठरावीक पुस्तकं, प्रत्येकावर मालिकेचा क्रमांक, नवा गठ्ठा आला की जुना फळीवरून खाली. अशा प्रेमकथांसाठी नावाजलेलं मिल्स अँड बून हे प्रकाशन १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालं, तेव्हा ते सगळ्याच तऱ्हेची पुस्तकं काढत. पुढे प्रेमकथांवर स्थिरावले, त्याही पुठ्ठा बांधणीच्या, कारण मोठं गिऱ्हाईक म्हणजे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या. त्यांच्या कथा स्वस्त पेपरबॅकमध्ये आणल्या कॅनडाच्या हार्लेक्विनने, आणि १९७१मध्ये ती कंपनीच विकत घेतली. न खपलेल्यांचं काय होतं म्हणाल, तर २००३मध्ये इंग्लंडात एम-सिक्स टोल नावाचा रस्ता झाला, त्याच्या डांबरात अशा सुमारे २५ लाख पुस्तकांचा लगदा कालवला होता. आपल्या गोव्यातल्या पत्रादेवी-पोळे महामार्गासाठी ही सूचना कुणीतरी पुढे पाठवा.

म्हणून जुनी पुस्तकं उरली ती तुमच्या सासूबाईंसारख्यांच्या ट्रंकेतच. पैसे फार येणार नाहीत, त्या आशेवर राहू नका. क्रमांक जुळवत बसू नका, लेखिकेच्या नावाने ढीग लावा. एकाच नावाची पंधरा-वीस निघाली तर ती सासूबाईंची लाडकी. तो ढीग ठेवा. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नव्हे, आपल्या हवेत आत बुरशी धरते. सावलीत वारा द्या, कसर झटका, कोरड्या कपाटात उभी लावा. कागद पिवळा पडणारच, लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो तो. बाकीची म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन बघा.

त्या लपवून का वाचत, हे विचारलं नाहीत, तरी सांगते. मी फोंड्याला नोकरीला होते तेव्हा असली पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून कदंबच्या बसमध्ये वाचायचे. शेवटी लग्न होणार हे पहिल्या पानापासून माहीत असायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांचे हिशेब जुळवल्यावर, काहीतरी हमखास जुळणार आहे एवढं पुरे होतं. मराठीच्या बाईंना त्यांच्या वह्या तपासून झाल्यावर तेच हवं असेल, तर मला नवल वाटत नाही.

एक काम मात्र माझं करा. दीडशे पुस्तकं झाल्यावर कुठलं वाचलं, कुठलं नाही, लक्षात राहत नसे. म्हणून लायब्ररीतून पुस्तकं नेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी त्यांत आपापली खूण करायचो. कुणी फुली, कुणी आद्याक्षर. आमची लायब्ररी बंद पडली तेव्हा सगळा माल गोणत्यांतून विकला गेला. तुमच्या पुस्तकांचं ४७वं पान उघडून बघा. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक बारीकसा बांगडा काढलेला दिसला, तर मला कळवा. ते पुस्तक तुमच्या सासूबाईंच्या आधी मी वाचलंय.