पर्यावरणाच्या मुद्द्यावर निघालेला प्रादेशिक पक्ष निवडणुकीत खरंच निवडून येतो, की नुसती मतं खातो? आणि महाराष्ट्रात असं होईल का?

निवडून येतो, पण निवडणुकीची पद्धत त्याला जागा ठेवत असेल तर. मी होबार्टला राहतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे बेटावरचं राज्य आहे, त्याची ही राजधानी. जगातला पहिला हरित पक्ष इथे निघाला आणि त्याच परंपरेतल्या ग्रीन्सचे आज 35 जणांच्या विधानसभेत 5 आमदार आहेत. म्हणून इथलंच सांगतो.

सुरुवात लेक पेडर या तळ्यापासून झाली. डोंगरांच्या कुशीतलं तळं, गुलाबी झाक असलेल्या वाळूचा किनारा, तोही इतका रुंद आणि घट्ट की त्यावर छोटी विमानं उतरायची. वीजप्रकल्पासाठी ते बुडवायचं ठरलं आणि सत्ताधारी, विरोधक दोघेही धरणाच्या बाजूचे. दाद मागायची कुणाकडे? मार्च 1972 मध्ये होबार्टच्या टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि युनायटेड टास्मानिया ग्रुप हा पक्ष जन्माला आला. महिन्याभरात तो निवडणुकीत उतरला. सुमारे 4 टक्के मतं मिळाली, जागा एकही नाही. तळंही बुडालं.

पुढचा लढा फ्रँकलिन नदीचा. 1981 मध्ये सरकारने जनमत घेतलं, पण मतपत्रिकेवर पर्याय दोनच: धरण या ठिकाणी हवं की त्या ठिकाणी. 'धरण नको' असा पर्यायच नव्हता. तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने 'नो डॅम्स' लिहिलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. 1983 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 अशा निकालाने धरण थांबवण्याचा केंद्राचा अधिकार मान्य केला आणि नदी वाचली. पण त्याच वर्षीच्या देशपातळीवरच्या निवडणुकीत, धरण थांबवू म्हणणारा लेबर पक्ष देश जिंकला आणि टास्मानियातल्या पाचही जागा हरला. 'निसर्गावर प्रेम करणारं बेट' वगैरे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. धरण, जंगलतोड आणि लाकडाचे कारखाने यांवर इथली हजारो घरं चालत होती. पोटापाण्याची ती भीती खरी होती आणि आजही आहे.

मग ग्रीन्स निवडून कसे येतात? आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रमाने मत देतात आणि जिंकायला मतांचा कोटा लागतो, साधारण तीच पद्धत इथे विधानसभेसाठी सर्वसामान्य मतदाराला आहे. पाच मतदारसंघ, प्रत्येकात सात जागा. केंद्रावर हातात येते ती चांगली लांबरुंद मतपत्रिका, तिच्यावर किमान 1 ते 7 आकडे लिहायचे. सात जागा म्हटल्यावर कोटा साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो, त्यामुळे राज्यभरात 14 टक्के मतं असलेला पक्षही पाच जागा काढतो.

हे गणित लेबर आणि लिबरल या दोन्ही मोठ्या पक्षांनाही ठाऊक होतं. 1996 मध्ये ग्रीन्सना सुमारे 11 टक्के मतं आणि 4 जागा होत्या. 1998 मध्ये दोघांनी मिळून विधानसभा 35 वरून 25 वर आणली, म्हणजे मतदारसंघात पाचच जागा आणि कोटा पावणेसतरा टक्क्यांच्या घरात. त्या निवडणुकीत ग्रीन्सचं मत जेमतेम एक टक्क्याने घटलं आणि जागा चाराच्या एक झाली. कारण काटकसरीचं दिलं होतं. मला ते तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं असंच वाटतं. 35 जागा परत आल्या त्या थेट 2024 च्या निवडणुकीत.

सत्तेत वाटा घेणं ग्रीन्सना महाग पडतं. 1989 मध्ये पाच आमदारांनी लेबरला पाठिंबा दिला, त्या बदल्यात इथल्या जंगलांचं जागतिक वारसा क्षेत्र जवळपास दुप्पट झालं, पण लाकडाच्या चिप्सच्या निर्यातीवरून समझोता मोडला. 2010 मध्ये मंत्रिपदं मिळाली, 2014 ला मतं 21 टक्क्यांवरून 14 च्या खाली आली. तरी 1989 चं जंगल आज उभं आहे, माझ्या हिशेबी सौदा वाईट नव्हता. 2025 ला पुन्हा त्रिशंकू विधानसभा आली. होबार्टचं नवं स्टेडियम आणि समुद्रातली सामन मत्स्यशेती या दोन्हींवर मोठे पक्ष पुन्हा एकाच बाजूला होते, आणि लेबरकडून ठोस काही मिळत नाही म्हटल्यावर ग्रीन्सनी त्यांना सरकार बनवायला मदत केली नाही.

महाराष्ट्रात हे होईल का, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्या विधानसभेत 14 टक्के मतं राज्यभर विखुरली तर हाती शून्य येण्याचीच शक्यता जास्त. टास्मानियातही वरिष्ठ सभागृहात एका मतदारसंघात एकच जागा असते आणि तिथे पहिला ग्रीन सदस्य पोहोचायला 2024 उजाडावं लागलं. पुण्या-नाशिकच्या महापालिकांत प्रभागाला चार नगरसेवक असतात खरे, पण अ, ब, क, ड अशी प्रत्येक जागेची लढत वेगळी होते, त्यामुळे लहान पक्षाला त्याचा फायदा नाही. तेव्हा विखुरलेल्या मतांपेक्षा, एखाद्या टेकडीसाठी किंवा खाडीसाठी आधीच लढत असलेला एक प्रभाग धरा आणि तिथूनच उमेदवार द्या.