रूट कॅनाल करताना दाढेत फाइल तुटली. डॉक्टर म्हणतात राहू द्या. काढून घ्यावी का?

लगेच काढायच्या मागे लागू नका. तुम्ही लिहिलंय की खालच्या दाढेत, मुळाच्या टोकाजवळ फाइलचा (मुळातली नळी साफ करायच्या सुईसारख्या धातूच्या हत्याराचा) तुकडा अडकलाय आणि डॉक्टरांनी तो स्वतःच एक्स-रेवर दाखवला. हे त्यांनी योग्य केलं. मी दंतवैद्य आहे, रूट कॅनाल रोज करते आणि माझ्या हातूनही फाइल तुटली आहे. पेशंटला ते सांगताना जीव खालीवर होतो, पण सांगायलाच हवं.

ही फाइल किती बारीक असते बघा: २५ नंबरच्या फाइलचं टोक ०.२५ मिलिमीटर. वाकड्या मुळात फिरताना ती सतत वाकते आणि शेवटी धातू थकतो. कधी टोक रुततं आणि मागून मोटर फिरतच राहते. निकेल-टायटॅनियमची फाइल तर बरेचदा वरून धडधाकट दिसत असतानाच तुटते.

त्रास सहसा त्या धातूचा नसतो, तुकड्याच्या पलीकडे राहिलेल्या जंतूंचा असतो. म्हणून डॉक्टरांना हे विचारा: नस जिवंत होती की सडलेली? एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी आधीपासून काळा डाग, म्हणजे संसर्गानं हाड झिजल्याची खूण, होता का? फाइल तुटली तेव्हा सफाई कुठवर झाली होती? नस जिवंत असेल किंवा सफाई बरीचशी उरकली असेल, तर तुकड्यापर्यंत नळी भरून दाढ छान टिकू शकते. सडलेली नस आणि सुरुवातीलाच तुटलेली फाइल असेल, तर मात्र मला काळजी वाटते.

अशा वेळी मी आधी ८ किंवा १० नंबरची हाताची फाइल तुकड्याच्या बाजूनं सरकवून बघते. वाट मिळाली तर पुढची सफाई होते. मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासोनिकनं, म्हणजे सूक्ष्म कंपनं देणाऱ्या उपकरणानं, तुकडा काढताही येतो, पण त्यासाठी आतून दात कोरावा लागतो. तुकडा वरच्या सरळ भागात दिसत असेल तर जरूर काढावा. वळणापलीकडे असेल तर मूळ पातळ होतं, भोक पडू शकतं, पुढे दाढ चिरूही शकते. तुमचा तुकडा टोकाजवळ आहे, म्हणून मीही बहुधा तो राहूच दिला असता.

निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आत्ताच सांगा. एक्स-रेची प्रत आणि तुकड्याची नोंद असलेला कागद मागून घ्या, सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा एक्स-रे काढा. हिरडीवर पुळी आली, सूज आली किंवा डाग वाढला, तर हिरडी उघडून मुळाचं टोक तुकड्यासकट कापता येतं. तेवढ्यासाठी आज दाढ काढू नका.