बिमची प्रमाणपत्रं: कोणती पायरी कशाची?

प्रश्न: इमारतींचं मॉडेल करणाऱ्या रेव्हिट या सॉफ्टवेअरची ‘ऑटोडेस्क सर्टिफाइड प्रोफेशनल’ परीक्षा मी पास झालो. तरी मुलाखतीत ‘तुमच्याकडे बिमचं (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगचं) प्रमाणपत्र नाही’ असं ऐकावं लागलं. मग मी मिळवलं ते काय?

उत्तर: रेव्हिटवर तुमचा हात बसलाय हे तुम्ही सिद्ध केलंत, आणि ते काही थोडं नाही. ऑटोडेस्ककडे ‘सर्टिफाइड यूजर’ ही सुरुवातीची पायरी, ‘प्रोफेशनल’ तिच्या वरची. पण दोन्ही त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरपुरत्या. बिम म्हणजे इमारतीची माहिती डिजिटल मॉडेलमधून सांभाळण्याची पद्धत. मुलाखत घेणाऱ्यांना बहुधा तिच्याबद्दलचं वेगळंच काही हवं होतं: कोणती माहिती, कुणी, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या स्वरूपात द्यायची याची जाण. बिल्डिंगस्मार्ट या आंतरराष्ट्रीय संस्थेची ‘फाउंडेशन’ परीक्षा ते तपासते. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं बटण दाबायचं, हा तिचा विषय नाही.

हा फरक मी स्वतः अनुभवलाय. एका प्रकल्पात आलेलं मॉडेल पडद्यावर देखणं दिसत होतं. त्याची आयएफसी फाइल, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारं सामाईक रूप, उघडली, तर निम्मे पाइप ‘प्रॉक्सी’ म्हणून नोंदलेले. म्हणजे फाइलच्या लेखी ते पाइपच नव्हते. परिमाणांचा तक्ता काढला, तर लांबी निम्मीच भरली. मॉडेल करणारी मुलगी कामात तरबेज होती, पण एक्स्पोर्ट करताना कोणती वस्तू कोणत्या आयएफसी वर्गात जाते हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याआधी आपलंच एखादं मॉडेल आयएफसीमध्ये काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. काय अभ्यासायचं ते तिथेच कळेल.

प्रश्न: बारा वर्षं साइटवर काढली, गेली तीन वर्षं बिम को-ऑर्डिनेटर आहे. फाउंडेशन सोडून थेट ‘प्रॅक्टिशनर’ला बसू का?

उत्तर: नका. फाउंडेशन ज्ञान तपासते, प्रॅक्टिशनर त्या ज्ञानाचा प्रत्यक्ष कामातला वापर. तुमचा अनुभव दुसऱ्या पायरीला फार उपयोगी पडेल, पण अनुभवी माणसं अडखळतात ती पहिलीवरच, कारण शब्द ओळखीचे वाटतात. ‘ईआयआर’, म्हणजे कोणती माहिती हवी याची मागणी, हा शब्द घ्या. पीएएस ११९२ या ब्रिटनच्या जुन्या मानकात त्यातला ‘ई’ एम्प्लॉयरचा होता, आयएसओ १९६५० या बिमच्या आंतरराष्ट्रीय मानकात तो एक्स्चेंजचा झाला. अक्षरं तीच, अर्थ मात्र रुंदावला: माहितीची मागणी आता फक्त मालकाकडून येत नाही, मुख्य कंत्राटदारही ती आपल्या उपकंत्राटदारांपुढे ठेवतो.

अडखळण्याची दुसरी जागा ‘शेअर्ड’ आणि ‘पब्लिश्ड’ या फाइलच्या दोन अवस्थांची. शेअर्ड म्हणजे इतर टीमनी समन्वयासाठी पाहावं असं. पब्लिश्ड म्हणजे मंजूर झालेलं, वापरायला मोकळं. शेअर्ड ड्रॉइंग हातात घेऊन स्लॅबमध्ये पाइपसाठी स्लीव्ह ठेवले आणि नंतर कोअर कटिंग करून तयार काँक्रीटला भोकं पाडावी लागली, असं साइटवर तुम्हीही पाहिलं असेल. फाउंडेशनच्या अभ्यासात त्या चुकीचं मूळ सापडतं. तो अभ्यास वाया जात नाही.

प्रश्न: एक संस्था ‘बिम लेव्हल २’चा अभ्यासक्रम विकतेय. घ्यावा का?

उत्तर: आधी अभ्यासक्रमात काय आहे ते विचारा. ० ते ३ या लेव्हल ब्रिटनमधल्या २००८च्या एका आकृतीतून रुळल्या. त्या काम करण्याच्या पद्धतीची प्रगल्भता सांगत, माणसाची पात्रता नव्हे. केंद्र सरकारच्या प्रकल्पांना तिथे लेव्हल २ एप्रिल २०१६पासून लागू झाली. पण डिसेंबर २०१८मध्ये आयएसओ १९६५०चे पहिले दोन भाग आले आणि ती भाषा मागे पडली. अभ्यासक्रम अजून पीएएस ११९२वरच उभा असेल, तर पैसे घालवू नका.

प्रश्न: जाहिरातीत ‘एलओडी ३५०’ मागितलंय. ही कोणती परीक्षा?

उत्तर: परीक्षा नाही. एलओडी (लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट) ही मॉडेलमधला घटक किती तपशिलात पक्का झालाय याची पातळी. ३००ला घटकाचं माप, आकार, जागा नेमकी कळते. ३५०ला त्याचे आधार आणि इतर घटकांशी असलेले जोडही दाखवतात. असं काम केलं असेल तर नमुना घेऊन जा.

प्रश्न: आमच्या कंपनीला आयएसओ १९६५०चं प्रमाणपत्र आहे. माझ्या बायोडेटात ते लिहू?

उत्तर: ते कंपनीच्या कार्यपद्धतीला मिळालंय, तुम्हाला नाही, आणि देणारी संस्था आयएसओ नव्हे, आयएसओ फक्त मानकं लिहिते. त्या पद्धतीत तुम्ही काय सांभाळलंत ते लिहा: बीईपी (बिमच्या कामाचा आराखडा) तयार केला, सीडीईमधल्या (प्रकल्पाच्या सामाईक माहितीसाठ्यातल्या) मंजुऱ्या पाहिल्या, जे केलं असेल ते.