आधी अंदाज, मग प्रयोग

प्रिय नव्या मास्तर,

अनेक आशीर्वाद.

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कधीच जागेवर नसते, ही तुझी तक्रार वाचून हसू आलं. किल्लीवाचून अडू नकोस. दोरा, गॅरेजमधले चार लोखंडी नट आणि खिडकीचा वरचा गज, एवढ्यावर दोन तास निघतात.

नट टांग. गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर ठेव. सोडायच्या आधी पोरांना वहीत लिहायला लाव: तीन नट बांधले तर झोका, म्हणजे जाऊन परत येणं, लवकर पुरा होईल, उशिरा की तेवढ्याच वेळात? हात वर करायला सांगू नकोस. पहिल्या बाकावरचा हात गेला की सगळा वर्ग त्याच्यामागे जातो. आणि तिन्ही नट एकाच जुडीत बांध. एकाखाली एक ओवलेस तर लांबीच बदलते.

झोका लहान ठेव आणि एकच झोका मोजू नकोस, घड्याळाचं बटण दाबण्यातच चूक होते. २० मोजून भागाकार कर. साधारण २ सेकंद येतील, नट एक असो वा तीन. मग विचार, १ सेकंदाचा झोका हवा तर दोरा किती? बहुतेक जण ५० सेंमी म्हणतील. मोजल्यावर येतात १.४ सेकंद! तिथून २५ सेंमीपर्यंत त्यांचं त्यांना चाचपडू दे. सूत्र सांगायला जीभ वळवळेल. गप्प बस.

आता माझी फजिती ऐक. नोकरीचं पहिलं वर्ष, कोकण, जुलै महिना. फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायला गेलो. एक कपटा हलला तर शपथ! दमट हवेत फुग्यावरचा विद्युतभार टिकतच नाही, पण ते सांगायचं सोडून मी "फुगाच खराब निघाला" म्हणत वेळ मारून नेली. आयता धडा हातचा घालवला. पुढे जानेवारीत तोच प्रयोग केला, तर कपटे टपाटप चिकटले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे तेव्हा फुगा चांगलाच होता ना?"

तुझ्याकडे सध्या पाऊस आहे. फुगा उद्याच घे, फसू दे, तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव.

तुझा,
जुना मास्तर

ता. क. गॅरेजमधले नट आधी रॉकेलने पुसून घे, वह्यांना तेल लागतं.